शेनेक्टडीचं इंजिन

"हे हितं कुठनं आलं?" असं म्हणून भाऊ गवतातून तरातरा निघाले. मी अजून गाडीचं दार लावत होते.

भाऊ म्हणजे माझे वडील. घरात आणि शेजारीपाजारी सगळेच त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही. अमेरिकेत आल्यापासून मी त्यांना असं चालताना पाहिलं नव्हतं. माझ्या घरात ते पाहुण्यासारखे चालायचे, पाय वाजू न देता. आणि आता हा सहासष्ट वर्षांचा माणूस डोक्यावरची टोपी हाताने धरून, गुडघाभर गवत तुडवत एका गंजक्या रेल्वे इंजिनाकडे निघाला होता.

बंद पडलेल्या जुन्या स्टेशनामागे रुळाचा एक तुकडा होता आणि त्यावर ते डिझेल इंजिन उभं होतं. निळा रंग उडून त्याचे पापुद्रे सुटले होते. भाऊंनी त्याच्या अंगावर तळहात ठेवला. मग बाजूबाजूने चालत गेले आणि एका पाटीपाशी थांबले. पाटीवरची धूळ त्यांनी टोपीने पुसली.

"वाच," ते म्हणाले.

"वाचता येतं की तुम्हाला."

"तू वाच."

मी वाचलं. कंपनीचं नाव अल्को, गाव शेनेक्टडी, राज्य न्यूयॉर्क.

"ते गाव हितनं किती लांब?"

"शेनेक्टडी? तासाभरावर. त्या दिवशी आपण इंडियन दुकानात तांदूळ आणायला गेलो होतो ना, तेच."

भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "तांदूळ आनायला," ते म्हणाले.

मला खरंच सुचलं नव्हतं. भाऊंची सगळी नोकरी पुण्यात घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये गेली. फिटर म्हणून लागले आणि चार्जमन होऊन निवृत्त झाले. तिथली पहिली डिझेल इंजिनं अमेरिकेतून जहाजाने आली होती आणि त्यांच्यावर हीच पाटी होती. पुढे तसलीच इंजिनं वाराणसीला बनायला लागली, पण भाऊंच्या लेखी सगळी 'अल्को'च. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं की शेनेक्टडी कुठे आहे, तर ते म्हणाले होते, लांब आहे, आपलं काही तिकडं जाणं होत नाही. मी मोठी होऊन त्याच गावाजवळ नोकरीला लागले आणि त्या गावाला आठवड्याच्या सामानाचं गाव समजून बसले.

"वर जायचंय का तुमच्या वडिलांना?" मागून कोणीतरी विचारलं. जाडजूड चष्म्याचा, किल्ल्यांचा जुडगा घेतलेला माणूस होता. त्याचं नाव डग. निवृत्त शाळामास्तर. गावातल्या दहा-बारा म्हाताऱ्यांनी मिळून हे छोटं रेल्वे संग्रहालय चालवलं होतं आणि डग त्याचा चिटणीस होता.

भाऊ लोखंडी पायऱ्या चढून ड्रायव्हरच्या खोलीत गेले आणि सवयीने डाव्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसले. बसले ते बसलेच. हात पुढे केला, तर समोर काहीच नाही, नुसती खिडकी. सगळे दांडे आणि घड्याळं पलीकडे, उजव्या बाजूला.

"तो असिस्टंटचा बाक आहे," डग हसून म्हणाला.

मी भाऊंना सांगितलं. "आपल्याकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, यांचा उजवीकडे."

"म्हंजे हितं मी असिस्टंट," भाऊ म्हणाले आणि तेही हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होते. मला रडूच आलं. डगला वाटलं, मला धुळीचा त्रास होतोय.

मी त्यांना अमेरिकेत आणलं होतं ते काही परोपकार म्हणून नाही. माझा घटस्फोट होऊन तीन-एक वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. इस्पितळाच्या लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या नळ्या तपासायच्या, घरी यायचं, सूप गरम करायचं, ते उभ्याउभ्याच प्यायचं. मैत्रिणी होत्या, पण त्या नवऱ्यांसकट यायच्या आणि नवऱ्यांसकट जायच्या. मग आई गेली, भाऊ एकटे पडले, आणि माझ्या मनात आलं की दोन एकट्यांनी एकाच घरात राहायला काय हरकत आहे. भाऊंना मी सहा महिन्यांसाठी बोलावलं. परतीचं तिकीट ऑक्टोबरच्या शेवटचं होतं, पण ते रद्द करायचं हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. भाऊंना कायमचं ठेवून घ्यायचं. वकिलाशीही बोलून झालं होतं.

भाऊंना विचारलं की ते म्हणायचे, "बघू."

हे 'बघू' मी जन्मापासून ऐकत आलेय. सहलीला जाऊ का, सायकल घेऊ का, शेजारच्या मुलीसारखा फ्रॉक शिवू का. बघू. त्याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच असायचा, फक्त तो लगेच कळायचा नाही. मी कामावरून यायचे तेव्हा भाऊ खिडकीशी बसलेले असायचे. दिवसभर काय केलं विचारलं तर म्हणायचे, "बसलो व्हतो." त्यांच्याकडे बघून माझा जीव तुटायचा, पण घरात शिरताना दिवा लागलेला दिसायचा ना, तो मला हवा होता. हवा होता म्हणजे हवाच होता.

तर त्या पहिल्या दिवशी आम्ही संग्रहालयातून परत निघणार तेवढ्यात इंजिनाच्या पोटाखालून एक म्हातारा सरपटत बाहेर आला. हात कोपरापर्यंत काळे. उंच, वाकलेला, पांढऱ्या भुवयांचा. एडी व्रोबेल. आईबाप पोलंडहून आलेले, स्वतः शेनेक्टडीत जन्मलेला. डगने ओळख करून दिली, "एडी अल्कोच्या कारखान्यात होता. शेवटपर्यंत."

मी भाऊंना मराठीत सांगितलं. भाऊंनी टोपी काढली. मग काय करावं ते न कळून त्यांनी एडीला वाकून नमस्कार केला. हात पायांपर्यंत पोहोचायच्या आत मी त्यांना धरलं.

"हे कशासाठी?" एडीने विचारलं.

"तू बनवलेली इंजिनं त्यांनी आयुष्यभर दुरुस्त केली."

एडीने आपल्या काळ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्यांना सांग, सॉरी."

भाऊंना हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांना ठसकाच लागला. पुढे कितीतरी दिवस ते आठवून हसायचे.

तेव्हापासून त्यांचं जमलं. आधी फक्त शनिवारी, मग एडी रोज सकाळी आपला जुना ट्रक घेऊन दारात यायला लागला. भाऊंचं इंग्रजी म्हणजे शेडमधलं इंग्रजी. त्यात क्रियापदं फार नव्हती, पण इंजिनाच्या एकूणएक भागाचं नाव होतं. एडीला तेवढं पुरायचं. मी सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन जायचे तेव्हा दोघं इंजिनाच्या दोन बाजूंना वाकलेले असायचे आणि मधून "गॅस्केट", "नो गुड", "व्हेरी गुड" असं काहीबाही ऐकू यायचं. भाऊ त्याला एडीसाहेब म्हणायचे. एडीला वाटायचं साहेब हे आपलं भारतातलं आडनाव असावं.

जेवताना मात्र मला दुभाषी व्हावं लागे. एडी पोळीभाजी खाता खाता सांगायचा. त्याच्या वडिलांनी त्याच कारखान्यात वाफेची इंजिनं बनवली होती. मग डिझेलचा जमाना आला. तिकडे इलिनॉयमध्ये मोटारगाड्यांच्या बड्या कंपनीने डिझेल इंजिनांचा कारखाना काढला आणि बाजार काबीज केला. फिलाडेल्फियाची जुनी नामांकित कंपनी बंद पडली. अल्को मात्र टिकून होती. तिच्या इंजिनांना लागणारं विजेचं सामान गावातलीच दुसरी मोठी कंपनी बनवायची. एके दिवशी त्या कंपनीने स्वतःच अख्खी इंजिनं बनवून विकायला सुरुवात केली.

"आमच्या गल्लीत अर्धी घरं त्यांची, अर्धी आमची," एडी म्हणाला. "माझा मेहुणा त्यांच्याकडे होता. ख्रिसमसला एका टेबलावर बसायचो आणि इंजिन हा शब्द काढायचा नाही असा बायकोचा दंडक होता."

"भाऊबंदकी," भाऊ म्हणाले. हा शब्द इंग्रजीत सांगायला मला पाच मिनिटं लागली.

"एकोणसत्तर साली सगळं संपलं. कारखान्याला कुलूप. मी बत्तीस-तेहतीस वर्षांचा. पुढे शाळेची बस चालवली, बॉयलर सांभाळले." एडीने हात पुसले. "मला वाटायचं, आपण बनवलेलं सगळं कापून भंगारात गेलं असणार."

हे सांगितल्यावर भाऊंनी घास खाली ठेवला. "भंगार? त्याला सांग, आजच्या तारखेला तिकडं हजारो चालू हायती. आत्ता, आपन जेवतोय तवा. घाटात मालगाडी वढतायत."

मी सांगितलं. एडीने मला पुन्हा विचारलं. मग भाऊंकडे बघून विचारलं. पुढच्या आठवड्यात त्याने आणखी दोनदा विचारलं, जणू मी भाषांतरात चूक केली असेल. त्याची बायको वारली होती, मुलगा टेक्ससला होता, आणि तो मुलगा फोनवर काय काय बोलतो हे तो आम्हाला कधी सांगत नसे. मला त्याच्याकडे बघून स्वतःची म्हातारपणची तसबीर दिसायची आणि मी लगेच दुसरीकडे बघायचे.

भाऊ आता घरी येऊन बोलायला लागले होते. जेवायचेही नीट. फक्त डोळे सुजलेले असायचे आणि मी उठायच्या आत त्यांचा चहा होऊन कप धुऊन पालथा घातलेला असायचा. वयाने माणूस लवकर उठतो असं मी समजत होते.

सप्टेंबर संपता संपता मी पुन्हा विषय काढला. "भाऊ, तिकिटाचं काय करू? रद्द करायचं तर आता सांगावं लागेल."

ते नखातलं ग्रीस काढत होते. "इंजिन चालू होऊ दे. मग सांगतो."

"नक्की?"

"चालू झालं की सांगतो म्हनलं ना."

हे 'बघू' नव्हतं. माझ्या जिवात जीव आला. मी एडीला गाठलं आणि सरळच सांगितलं, की मला भाऊंना इथे ठेवायचं आहे, तूही जरा बोल. एडी म्हणाला, "मला काय, मला तर हवाच आहे तो. इथल्या हिवाळ्यात चार महिने मी भिंतीशी बोलतो." मग आम्ही दोघं कटात सामील झाल्यासारखे इकडेतिकडे बघायला लागलो.

इंजिन चालू करायचा मुहूर्त भाऊंनी काढला. त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी आली होती. शेडमध्ये त्या दिवशी हत्यारांची पूजा व्हायची, हे मला आठवत होतं. सकाळी भाऊंनी एक पोतं अंथरून पाने, हातोडे, जॅक ओळीने मांडले, हळदकुंकू वाहिलं. झेंडूची फुलं मी एका शेजारणीच्या अंगणातून मागून आणली होती. संग्रहालयाचे म्हातारे टोप्या काढून अदबीने उभे राहिले. एडी गेला आणि ट्रकमधून एक मोठा पाना घेऊन आला. मुठीशी झिजून चकचकीत झालेला. त्याने तो ओळीच्या शेवटी ठेवला आणि भाऊंकडे बघितलं. भाऊंनी त्यालाही कुंकू लावलं.

मग काम. आधी इंजिन हाताने फिरवून आत कुठे पाणी साचलेलं नाही ना ते दोघांनी पाहिलं. एडी वर चढला. भाऊ खालीच थांबले, इंजिनाच्या उघड्या दारापाशी. डगने हात वर केला. एडीने बटण दाबलं. आत काहीतरी जड, आळसावलेलं वळायला लागलं, कण्हलं, थांबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा कण्हणं. तिसऱ्या खेपेला एक मोठा ठसका बसला, वरच्या धुराड्यातून काळा धूर भसकन उसळला आणि पायाखालची जमीन हलायला लागली.

सगळे टाळ्या वाजवत होते. एडी खिडकीतून डोकं बाहेर काढून रडत होता आणि ते लपवतही नव्हता. भाऊंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मान तिरकी करून ते आवाज ऐकत होते. दोनदा आत हात घालून काहीतरी किंचित फिरवलं. घरघर एकसारखी झाली, तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं आणि मान हलवली.

तासाभरात कॉफी झाली, फोटो झाले. डग घड्याळ बघत म्हणाला, "चला, आता बंद करू या."

एडी वर चढायला लागला तसे भाऊ त्याच्या आडवे आले. "नो स्टॉप."

"काय म्हणतायत ते?" डगने मला विचारलं.

"भाऊ, बंद करायचंय ते."

"का? काय बिघडलंय?"

"बिघडलं नाही. झालं आता. डिझेल जळतंय उगाच, शेजारी तक्रार करतील."

भाऊंचा चेहरा मला आजही दिसतो. कोणी भरल्या ताटावरून उठवावं तसा. "आगं, चालू इंजिन कोनी बंद करतं का? आजारी पडलं तर बंद करायचं. चांगलं इंजिन उभं ऱ्हातं ते चालूच ऱ्हातं. शेडमदी रात्रंदिवस चालू असायची. तू इसरलीस?"

विसरले होते खरी. शेडच्या मागेच आमचं रेल्वे क्वार्टर होतं. रात्रभर पाच-सहा इंजिनं उभ्याउभ्या घरघरत असायची, फळीवरची भांडी त्याने हलकेच किणकिणायची. बंद केलेलं पुन्हा लवकर सुरू होईना म्हणून कोणी बंद करत नसे. मी हे सगळं डगला सांगितलं. म्हाताऱ्यांना गंमत वाटली. डग भला माणूस होता. म्हणाला, "ठीक आहे. संध्याकाळी पाचपर्यंत राहू दे. एवढा मान तर त्यांचा आहेच."

भाऊ वर जाऊन बसले, डाव्या बाजूला, असिस्टंटच्या जागी.

लोक पांगले. मी सामान आवरलं, पोतं झटकून घडी घातली. तिकिटाचं उत्तर आज मिळणार होतं आणि मला ते कळल्यासारखंच होतं. भाऊंचा चेहरा काय सांगत होता ते मला दिसत होतं ना. मनातल्या मनात मी वरची खोली त्यांना द्यायचं ठरवत होते, तिथे ऊन येतं. दुपारी चहाचा थर्मास घेऊन मी पायऱ्या चढले.

भाऊ झोपले होते. खुर्चीतच, डोकं लोखंडी भिंतीला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. भिंतीच्या थरथरीने त्यांची टोपी हळूहळू सरकत कानावर आली होती. हात मांडीवर उताणे पडले होते. मी हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती मलाच ऐकू आली नाही. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, तरी ते हलले नाहीत.

मी घाबरून खाली आले. पायरीवर एडी बसला होता. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "झोपू दे त्याला. बिचारा किती दिवसांनी झोपलाय."

"म्हणजे?"

"रात्री झोप लागत नाही ना त्याला. ट्रकमध्ये रोज पेंगतो." एडीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुला माहीत असेल असं मला वाटलं. म्हणाला होता मला. हाउस नो साउंड, नो स्लीप."

मी त्याच्या शेजारी बसले. सुजलेले डोळे, पालथा घातलेला कप. ते लवकर उठत नव्हते. ते झोपतच नव्हते. माझं घर मी मुद्दाम शांत बघून घेतलं होतं, मागे रान, पुढे कोणी नाही. एजंटने त्या शांततेचे जास्त पैसे लावले होते. त्या शांततेत माझा बाप पाच महिने डोळे उघडे ठेवून पडला होता, आणि मी त्याला वरची खोली देणार होते, जिथे आणखी शांत होतं.

पाच वाजता डग आला. मी त्याला आणखी थोडा वेळ मागितला. त्याने दिला. मग अंधारून यायला लागलं तेव्हा तो पुन्हा आला आणि अवघडून उभा राहिला. मी मान हलवली. एडीने वर न जाता बाहेरूनच इंजिन बंद केलं.

घरघर थांबली. झाडांतला वारा ऐकू यायला लागला. आणि वर भाऊ दचकून जागे झाले. "काय झालं?" त्यांचा आवाज आला. "कुठलं बंद पडलं?"

मी वर गेले. त्यांनी मला पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, मग कुठे आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं. टोपी सारखी केली.

"डोळा लागला जरा," ते म्हणाले.

"चहा गार झाला." मी पलीकडच्या, ड्रायव्हरच्या खुर्चीत बसले.

"चालू झालं की सांगतो म्हनलं व्हतं," भाऊ म्हणाले. "तर आईक. तिकीट रद्द कर. ऱ्हातो मी."

पाच महिने ज्याची वाट बघितली ते हेच वाक्य. मला वाटलं होतं, ऐकल्यावर मी त्यांच्या गळ्यात पडेन.

"तुम्हाला इथे झोप येत नाही, भाऊ."

"कोन म्हनलं? एडीसाहेब? त्याला काय कळतंय माझं इंग्रजी."

"भाऊ."

ते खिडकीच्या काचेवरून बोट फिरवत बोलायला लागले. "तुझ्या आईला तू फोन करायचीस. तिकडं दुपार असायची. ती फोन ठेवून म्हनायची, पोरीकडं आता रातचे दोन वाजलेत, जागीच हाय. पुन्हा दोन दिसांनी तेच. ती शेवटपर्यंत तेच घोकत व्हती. आन् मी हितं आलो, तर तू नऊला पडतेस ती सकाळी गजर झाल्यावर उठतीस. घोरतीस बी." ते जरासे हसले. "मी आईकत पडतो. म्हनलं, चला, हिला तरी लागतीय. आपलं काय, आपलं झालं आता. म्हनून म्हनतो, ऱ्हातो."

माझ्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. मला झोप लागायला लागली होती. पलीकडच्या खोलीत माणूस आहे, एवढ्यावर मी लहान मुलासारखी झोपत होते.

हो म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, हे मी आज कबूल करते. हो म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नसतं. माझ्या घरात दिवा लागलेला राहिला असता. पण माझ्यासमोर दुपारचं ते दृश्य होतं, त्या थरथरत्या भिंतीला डोकं लावून पडलेलं, सगळं सैल सोडून दिलेलं अंग.

"नको भाऊ," मी म्हणाले. "जा तुम्ही. घरी जा."

"आगं, मी ऱ्हातो म्हनतोय ना."

"मी नको म्हणतेय."

"आन् तू?"

"मी बघेन माझं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांची मुलगी आहे, खोटं बोलताना मला ते ओळखतात. मी काचेबाहेर बघितलं. खाली एडी आणि डग बॅटरीच्या उजेडात इंजिनाची दारं एकेक करून लावत होते.

"नक्की?" भाऊंनी विचारलं.

"नक्की."

ते उठले. पायऱ्यांच्या दांड्याला धरून एक पाऊल खाली टाकलं, थांबले, आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "तिकीट शेवटच्याच आठवड्यातलं हाय ना?"

"हो."

"नाय, आपलं विचारलं."

त्यांच्या आवाजात असा हलकेपणा आला होता, जो मी पाच महिन्यांत ऐकला नव्हता. तो मला कळू नये म्हणून ते दोन-तीनदा खोकले.